चि. मधुरास

चि. मधुरा,
अनेक आशीर्वाद.

तू आजारी आहेस हे मला श्रीकांतकडून कळावं? असो, त्यावर लिहिणार नाही.

तुझ्या प्रबंधाचं प्रकरण वाचलं. इंग्रजी जड गेलं, पण पॅटन-लॅटिमरच्या भानगडीत शिरलो तो रात्री दीडलाच उठलो. अमेरिकेतल्या डेलावेअर राज्याला तेव्हा काँग्रेसच्या प्रतिनिधीगृहात जागा एकच, आणि मतदाराने चिठ्ठीवर नावं लिहायची दोन, त्यातलं निदान एक दुसऱ्या काउंटीतलं, म्हणजे जिल्ह्यातलं! काउंट्या मुळात तीन. सगळ्यांनी आपल्याच गाववाल्याला मत देऊन मोकळं होऊ नये, असाच हेतू असणार. कायदा करणाऱ्याचं काय जातं? हाल मोजणाऱ्याचे. १७९२ ला पॅटन निवडून आला, लॅटिमरने तक्रार केली, एकच नाव लिहिलेल्या चिठ्ठ्या बाद धरल्या आणि १४ फेब्रुवारी १७९४ ला सभागृहाने पॅटनला उठवून लॅटिमरला बसवलं. बाद मतांचा गठ्ठा बाजूला काढताना उमेदवाराचा माणूस कसा मानेवर येऊन उभा राहतो, ते नोकरीभर पाहिलंय मी.

हा लॅटिमर पेशाने डॉक्टर होता म्हणे. तू कुणा डॉक्टरला दाखवलंस का? खोकला दोन आठवड्यांवर गेला की छातीचा फोटो काढायचाच असतो. विमा आहे ना? मग अंगावर कशाला काढायचं? तुम्हा मुलांना वाटतं, गरम पाणी प्यायलं की झालं. रात्री जागायचं, जेवायला ते गार सँडविच...

राहू दे. एकोणतीस वर्षांच्या बाईला हे सांगू नये, कळतं मला. रागावू नकोस. तू दुसरीत असताना कचेरीत मतपेट्यांना सील लावत होतो, लाखेच्या धुराने तुला ठसका लागला. डोळ्यांतून पाणी, पण जागची हलली नाहीस. नाईकभाऊसाहेबांनी खडीसाखर दिली तीही मुठीत तशीच. तेव्हाच वाटलं होतं, ही पोरगी काहीतरी करणार.

एक सुचवतो. पॅटन पुढच्याच निवडणुकीत पुन्हा निवडून आला, हे तू तळटिपेत टाकलंयस. वर घे. भर सभागृहातून उठवलेला माणूस परत त्याच लोकांपुढे मतं मागायला उभा राहतो, ही काय तळटीप झाली? तुझ्या गाइडना विचार हवं तर.

आईला खोकल्याचं बोललेलो नाही. रविवारी फोनवर तुझा आवाज ऐकला की तिला कळेलच, तेव्हा त्याआधी डॉक्टरकडे जाऊन ये.

तुझे,
बाबा