डुकराच्या डोणीत काय असतं, ते आधी बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला वराहपालनावरचा लेख वाचला. लेखक महाशय शिकलेले दिसतात, आकडेही बरेच दिलेत. पण कोकणातले लोक डुकरांना ‘उष्टे-खरकटे’ घालतात म्हणून त्यांची वाढ होत नाही, या एका वाक्याने माझा कालचा दिवस खराब झाला. म्हणून हे पत्र.

आमच्या मांयच्या (म्हणजे आईच्या) चुलीवर सकाळी दोन टोप चढायचे. एक आमच्या पेजेचा, दुसरा डुकरांचा. दुसरा मोठा असायचा. त्यात भाताचा कोंडा, तांदळाचं धुवण, चिरलेला केळीचा खांब आणि तेऱ्याची, म्हणजे रानअळवाची पानं देठासकट. तेरं कच्चं घातलं तर घशाला खाज सुटते, डुकरालाही सुटते, म्हणून ते चांगलं रटरटून शिजवायचं. मे-जूनमध्ये फणसाच्या आठळ्या. कोंडा गिरणीतून दर चार दिवसांनी ताजा आणायचा, कारण त्यात तेल असतं आणि तो बघता बघता खवट होतो. नुसत्या कोंड्यावर डुक्कर फुगतं पण भरत नाही, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. त्यासाठी बाजाराच्या दिवशी मासळीची डोकी-आतडी यायची, तीही शिजवूनच. आणि लग्नासाठी किंवा नाताळसाठी डुक्कर कापायचं ठरलं की महिनाभर आधी मासळी पूर्ण बंद. नाहीतर मटणाला मासळीचा वास येतो आणि सोरपोतेलाची, म्हणजे आमच्याकडच्या डुकराच्या मटणाच्या आंबट-तिखट कालवणाची, वाट लागते. लेखातल्या आहार-तक्त्यात ही एक ओळ मी शोधली. सापडली नाही. आता यात उष्टं कुठलं, ते लेखकांनीच सांगावं.

हॉटेलातला ओला कचरा पिंपात भरून आणतात आणि न उकळता तसाच ओततात, ते वाईटच. आफ्रिकन स्वाइन फीवर २०२० मध्ये आसाम-अरुणाचलमार्गे आपल्या देशात शिरला, तो अशा न शिजवलेल्या खरकट्यातूनही पसरतो, त्याला आपल्याकडे लस नाही, डुकरं पटापट मरतात. त्यावर दोन रकाने लिहिले असते तर मी अभिनंदनाचं पत्र धाडलं असतं. पण हॉटेलचं पिंप आणि मांयचा टोप एकाच शब्दात कोंबायचे म्हणजे कमाल झाली.

खरं सांगायचं तर माझा राग जुना आहे. काही वर्षांपूर्वी तुमच्याच पुरवणीत असाच एक लेख आला होता. पांढरी विलायती डुकरं घ्या, पोत्यातलं खाद्य घाला, सहा-सात महिन्यांत पैसे मोजा. मी निवृत्तीच्या पैशांतून दोन पांढऱ्या माद्या घेतल्या आणि लेखात छापल्याप्रमाणे सिमेंटचा कोबा घातला. पन्नास किलोचं पोतं दोघींना दहा दिवस पुरायचं. दुसऱ्या उन्हाळ्यात पोत्यामागे दोनशे रुपये वाढले. मादी व्यायला तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस लागतात, तेवढं मी इमानदारीने मोजलं. नऊ पिल्लं झाली. दहाव्या दिवसापासून ती पांढरीफटक पडायला लागली, पाच गेली. गुरांचे डॉक्टर आले आणि म्हणाले, अहो, कोब्यावरच्या पिल्लांना लोहाचं इंजेक्शन द्यावं लागतं. मांयची काळी पिल्लं दिवसभर तांबडी माती उकरायची, त्यांना इंजेक्शन कुठलं? लेखात कोबा होता, इंजेक्शन नव्हतं. उरलेली चार दलालाने स्वतःच ठरवलेल्या दराने नेली. त्या वेळीही मी तुम्हाला पत्र लिहिलं होतं. छापलं नाहीत. जागेची अडचण असेल.

आता पुन्हा तेच. ‘देशी काळे डुक्कर निरुपयोगी’ म्हणे! शेजारच्या गोव्यात, काणकोण तालुक्यातल्या आगोंद गावाच्या नावाने तिथल्या काळ्या डुकराची ‘आगोंदा गोवन’ ही जात कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेने रीतसर नोंदवली आहे. निरुपयोगी जनावराची नोंद कोण कशाला करील?

मार्च ते मे आमच्याकडे काजूच्या बागेत पाय टाकवत नाही, इतका बोंडू (काजूचं फळ) सडलेला असतो. गोव्यात त्याची फेणी तरी होते, इथे बी काढून बोंडू फेकतात. तो वाळवून ठेवला तर कोंड्यात मिसळायला पावसाळाभर पुरतो. (ताजा जपून घालावा. आंबलेल्या बोंडवावर ताव मारून आमचा एक डुक्कर दीड दिवस घोरत पडला होता, मांयने फादरना बोलवायचंच बाकी ठेवलं होतं.) आणि लेखकांचा सल्ला काय, तर मका आणि सोयाबीन पेंड. म्हणजे लातूरचं सोयाबीन घाट उतरून सावंतवाडीत यायचं आणि आमचा बोंडू झाडाखाली माश्यांना.

चौकटीत ५० माद्या आणि ५ नरांच्या युनिटला ५० टक्के अनुदान, असंही दिलंय. आमच्या वाडीत माणसंच एवढी उरली नाहीत. दोन माद्यांवाल्याने कुठे जायचं, त्यासाठीही एक चौकट टाकली असतीत तर बरं झालं असतं.

लेखासोबतचा उकिरड्यावरच्या डुकरांचा फोटो तर मी तुमच्या अंकात तिसऱ्यांदा पाहतोय. त्यांचे तरी खरे फोटो काढा, आमच्याकडे या, मी दाखवतो.

जाता जाता आणखी एक. सकाळची एस.टी. बंद झाल्यापासून तुमचा अंक आमच्याकडे दुपारी दोनला येतो आणि रविवारची पुरवणी सोमवारी. गेल्या महिन्यात दोनदा तर ती कोल्हापूरची निघाली. वर्गणी मात्र वेळेवर मागायला येतात.

आपला,
एक जुना वर्गणीदार, सावंतवाडी तालुका