समकालीन नृत्याला लाकडी जमीन हवी

महोदय,

एका नामवंत नृत्यदिग्दर्शकांनी नुकत्याच घेतलेल्या समकालीन नृत्याच्या तीन दिवसांच्या कार्यशाळेत माझी मुलगी सहभागी झाली होती. श्वास सोडत शरीराचे वजन जमिनीला कसे द्यावे, खांद्यावरून कसे लोळावे आणि त्याच ओघात पुन्हा कसे उभे राहावे, हे त्यांनी अतिशय आस्थेने शिकवले. परंतु सभागृहात साधी फरशी असल्याने दुसऱ्याच दिवशी अनेक मुलांचे गुडघे सुजले, याचे मला फार वाईट वाटले.

कथक आणि कथकळीच्या शिक्षणातून स्वतःची समकालीन शैली घडवणारे, कर्णबधिर कलावंतांना सन्मानाने रंगमंचावर आणणारे नर्तक अस्ताद देबू (निधन २०२०) मुंबईतच राहत. त्यांची कर्मभूमी असलेल्या राज्यात या नृत्याला सुरक्षित जागा मिळू नये, हे खटकते. महापालिकांनी आपल्या नाट्यगृहांतील तालमीच्या एका तरी खोलीत, खाली पोकळी ठेवून, उडीचा धक्का शोषून घेणारी लाकडी जमीन करावी आणि ती नर्तकांना परवडणाऱ्या भाड्याने द्यावी. तोपर्यंत आयोजकांनी जागेची माहिती पालकांना आधीच द्यावी, ही विनंती.

– एक पालक, पुणे