दारावरचा माणूस

सोलापूर,
6 जानेवारी

प्रिय लेकी,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "पप्पा, दिवसभर हॉस्पिटलचं नुसतं दार उघडते आणि कुठला काउंटर कुठे ते सांगते. यासाठी शिकले का मी?" तेव्हा मला काही सुचलं नाही. आज सकाळी चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला बसलो आणि आठवलं, आज ब्रदर आंद्रे यांचा दिवस.

आजोबांच्या प्रार्थनेच्या पुस्तकातलं चित्र आठवतं ना? काळा झगा, बारीक अंगकाठी, सुरकुतलेला चेहरा. लहानपणी तू त्यांना 'आजोबांचे आजोबा' म्हणायचीस. ते कॅनडाचे, जन्म 1845 चा. वडील लाकूडतोडीच्या कामावर होते, झाड अंगावर पडून गेले, तेव्हा पोर नऊ वर्षांचं. बाराव्या वर्षी आई क्षयाने गेली. शाळा जवळजवळ नाहीच, पोटाचं दुखणं जन्माचं. मिळेल ते काम करत अमेरिकेत गेले आणि तिथल्या कापड गिरण्यांत राबले. हे सांगताना आजोबा इथे थांबायचेच. "मिलमधला माणूस हा, आपल्यातला," म्हणायचे.

1870 मध्ये ते होली क्रॉस या ख्रिस्ती धर्मसंघात गेले. गावच्या फादरांनी आधी कळवलं होतं, मी तुमच्याकडे एक संत पाठवतोय. पण तब्येत बघून संघाची मंडळी त्यांना ठेवून घ्यायला तयार होईनात. बिशपनी शब्द टाकला तेव्हा कुठे जमलं. काम मिळालं माँट्रियलच्या नोत्र-दाम कॉलेजच्या दारावर. ते स्वतः म्हणायचे, मला दार दाखवलं आणि मी तिथेच चाळीस वर्षं राहिलो. घंटा वाजली की उठायचं, निरोप पोचवायचे, दिवे पुसायचे, फरशी घासायची. मुलांचे केस कापून 5-5 सेंट जमवायचे, ते येशूला सांभाळणाऱ्या संत योसेफाच्या लहानशा चॅपलसाठी, म्हणजे प्रार्थनाघरासाठी. ते चॅपल 1904 मध्ये समोरच्या डोंगरावर उभं राहिलं.

दाराशी आजारी माणसं येऊ लागली. ब्रदर त्यांच्याजवळ बसायचे, योसेफापुढच्या दिव्याचं तेल लावायचे. कुणी बरं झालं आणि त्यांचे आभार मानू लागलं की त्यांना आवडायचं नाही. हे योसेफाचं काम, माझं काही नाही, म्हणायचे. 1937 मध्ये याच तारखेला ते गेले, तेव्हा बर्फाच्या थंडीत सुमारे दहा लाख माणसं दर्शनाला आली. 2010 मध्ये पोपनी त्यांना संत म्हणून घोषित केलं.

आता आजोबांचं सांगतो, तुला हे पूर्ण माहीत नाही. मिल बंद पडली तेव्हा मी दहावीत होतो. लूम सांभाळणारा माणूस, भोंग्याच्या आधी गेटवर हजर असणारा. घरी यायचे तेव्हा भुवयांवर कापसाची पांढरी लव असायची, ती माझी आई पदराने पुसायची. तो माणूस एका सोसायटीच्या गेटवर स्टूल टाकून बसला. पहिले काही महिने ओळखीचा कुणी दिसला की मान खाली घालायचे. मग एका सिस्टरांनी ते चित्र दिलं आणि गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवसापासून आजोबा आल्यागेल्याला नाव विचारू लागले. कुणाच्या घरी आजारी आहे, कुणाची पोर परीक्षेला चालली, सगळं ध्यानात. एका म्हातारीची पिशवी ते रोज तिसऱ्या मजल्यावर नेऊन द्यायचे, गुडघे दुखत असताना. त्यांच्या मातीला ती सोसायटी अख्खी आली होती गं. मी तेव्हा पहिल्यांदा रडलो.

तुझ्या दाराशी येणारा माणूस घाबरलेला असतो. हातात फाइल, मागे आजारी आई. त्याला पहिली तू दिसतेस.

आईने शेंगाचटणी आणि कडक भाकरी पाठवली आहे, गड्ड्याची जत्रा सुरू झाली की ये. चित्रही पाकिटात घातलंय. खालचा कोपरा काळा पडलाय, तिथे आजोबांचा अंगठा असायचा.

तुझे,
पप्पा