ओटीपी वकिलांच्या मोबाईलवर

अनगोळ, बेळगाव
१३ ऑक्टोबर

प्रिय संजू,

सप्रेम नमस्कार.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी तुटक बोललो, राग मानू नकोस. तू म्हणालास, "चंदगडच्या काजू कारखान्याचं जीएसटी रजिस्ट्रेशन करायचंय, एकांकडे सगळे कागद देऊन टाकतो, ते बघून घेतील." 'बघून घेतील' हे ऐकलं आणि माझ्या पोटात गोळाच आला. गेले तीन महिने आमच्या घरात त्याच दोन शब्दांचे भोग चाललेत. फोनवर सांगून होण्यासारखं नाही, म्हणून लिहितोय.

आप्पांचे वकीलसाहेब तुला आठवत असतील. २००५ मध्ये कर्नाटकात व्हॅट आला तेव्हापासून आमच्या ओतकामाच्या कारखान्याचं टॅक्सचं काम त्यांच्याकडे. दिवाळीला आमचा कुंद्याचा पुडा पहिल्यांदा त्यांच्या घरी जायचा. ताईच्या लग्नात अक्षता टाकायला ते पुढच्या रांगेत होते. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला, तेव्हा व्हॅटचा नंबर जीएसटीत नेण्याचं कामही त्यांनीच केलं. अधिकृत सहीदार म्हणून नाव आप्पांचं, पण मोबाईल आणि ईमेल त्यांच्या ऑफिसचा. आप्पांच्या डिजिटल सहीचा पेनड्राईव्हसुद्धा त्यांच्याच ड्रॉवरमध्ये. त्यात काही वावगं आहे असं आमच्यापैकी कुणाला वाटलं नाही. मी उद्यमबागेत भट्टीपाशी, आप्पा गिऱ्हाईकं सांभाळायला, आणि टॅक्स म्हणजे वकीलसाहेब, अशीच वाटणी होती.

मे महिन्यात बँकेनं कॅश क्रेडिटच्या नूतनीकरणासाठी वर्षभराची रिटर्न्स मागितली. मी साहेबांना फोन केला. "देतो." पुन्हा केला. "ऑडिटची गडबड आहे." तिसऱ्यांदा मात्र म्हणाले, आधी जुनी बाकी मिटवा, पंच्याऐंशी हजार. कसली बाकी, कुठल्या वर्षाची, बिल काही नाही. आप्पांनी आजवर सगळे पैसे रोख दिलेले, एक पावती घरात सापडली नाही. मी म्हटलं, बिल द्या, हिशेब करू, निघेल ते देतो. त्यावर त्यांनी फोन घेणंच बंद केलं. आणि जूनपासून रिटर्न भरणंही बंद केलं. हे मात्र आम्हाला त्यांनी सांगितलं नाही.

कळलं ते ऑगस्टच्या मध्यात, गोकुळ शिरगावच्या गिऱ्हाइकाकडून. जूनचं ३बी, म्हणजे कर भरायचं महिन्याचं रिटर्न, भरलेलं नसलं की जीएसटीचं पोर्टल जुलैचं जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीच्या बिलांचं रिटर्न, भरू देत नाही. आपलं जीएसटीआर-१ गेलं नाही की आपली बिलं गिऱ्हाइकाच्या २बी मध्ये, म्हणजे त्याच्या खरेदीच्या यादीत, उमटत नाहीत, आणि २बी मध्ये नसलेल्या बिलावरच्या कराचं क्रेडिट, म्हणजे वजावट, त्याला घेता येत नाही. चार लाखांच्या कास्टिंगवर १८ टक्क्यांनी ७२ हजार. ते गिऱ्हाइकानं रोखून धरले, आणि त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. नवरात्राच्या तोंडावर तर माल भरलेला टेम्पो गेटात उभा आणि ई-वे बिल निघेना. लागोपाठ दोन महिन्यांचं रिटर्न थकलं की ते बंद होतं. पन्नास हजारांच्या वरचा माल त्याशिवाय निपाणीच्या पुढं न्यायचा कसा? ड्रायव्हर दुपारभर टेम्पोच्या सावलीत बसून होता. शेवटी संध्याकाळी माल उतरवून घेतला.

त्याच संध्याकाळी आप्पांना घेऊन मी वकीलसाहेबांच्या ऑफिसात गेलो. ती बैठक मी जन्मात विसरणार नाही. आप्पा हात जोडून म्हणाले, "साहेब, तेवढा पासवर्ड द्या." ते म्हणाले, "बाकी?" मी समोर बसूनच माझ्या मोबाईलवर पोर्टल उघडलं आणि 'पासवर्ड विसरलो' दाबलं. त्यांच्या टेबलावरचा फोन वाजला. त्यांनी उचलला, मेसेज वाचला आणि फोन पालथा ठेवला. आमच्या कारखान्याच्या दाराची किल्ली, संजू, हाताच्या अंतरावर काचेवर पालथी पडलेली, आणि आप्पा तिच्याकडं नुसते बघत होते. ओटीपीची मुदत संपली, आम्ही उठलो. रिक्षात आप्पा एक शब्द बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी कोर्टात प्रॅक्टिस करणाऱ्या एका तरुण वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी जे सांगितलं ते तू लिहूनच ठेव. सन २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या खटल्यात निकाल दिलाय. एका वकिलानं फी थकली म्हणून सहकारी बँकेच्या फायली अडवून धरल्या होत्या. न्यायालयानं सांगितलं की, फीपोटी अशिलाचे कागद अडवण्याचा हक्क वकिलाला नाही. फी राहिली असेल तर ती कायद्याच्या रस्त्यानं वसूल करावी, कागद मागितल्यावर न देणं हे व्यावसायिक गैरवर्तन. निकालात पासवर्ड हा शब्द नाही, पण तत्त्व तेच, असं बाई म्हणाल्या. त्यांनी आमच्याकडून स्पीड पोस्टानं पत्र पाठवायला लावलं. कागद, पेनड्राईव्ह आणि लॉगिन सात दिवसांत द्या, बिल असेल तर तेही पाठवा, आम्ही त्याचा विचार करू. उत्तर आलं नाही.

पण खरा मार्ग दुसराच निघाला, आणि तो वकीलसाहेबांच्या मर्जीवर नव्हताच. नोंदणीतला मोबाईल दुसऱ्याच्या हातात असेल तर आपल्या हद्दीतला जीएसटी अधिकारी तो बदलून देऊ शकतो. आपण कोणाच्या हद्दीत ते पोर्टलवर आपला जीएसटी नंबर टाकला की लॉगिनशिवायही दिसतं. कंपनीच्या लेटरहेडवर अर्ज, संचालकांचा ठराव, नोंदणी प्रमाणपत्र, कंपनीचं पॅन, आप्पांचं आधार, कारखान्याचं लाईटबिल, एवढी फाईल घेऊन आम्ही गेलो. माझं कन्नड बाजारापुरतं. तरी टेबलामागच्या बाईंनी "कुंदर्री" म्हणून आप्पांना खुर्ची दिली आणि सगळं ऐकून घेतलं. दहा दिवसांनी नव्या ईमेलवर युजर आयडी आणि तात्पुरता पासवर्ड आला. खंडेनवमीचा दिवस होता, मशीनला हळदकुंकू लावायचं काम सुरू होतं. मी तिथंच मटकन बसलो.

तेवढ्यानं भागलं नाही. आप्पांची डिजिटल सही अजून वकीलसाहेबांच्याच ड्रॉवरमध्ये होती. म्हणून आप्पांची नवी सही काढली, जुनी रद्द करायला सांगितली. त्यासाठी मोबाईलसमोर व्हिडिओ द्यावा लागतो. आप्पांनी पॅनकार्ड छातीशी धरलं, हात थरथरत होता, पण नाव खणखणीत आवाजात सांगितलं. गेल्या तीन महिन्यांत त्यांचा तो आवाज मी ऐकला नव्हता.

१० तारखेला जून, जुलै, ऑगस्ट तिन्ही भरले. दिवसाला ५० रुपयांप्रमाणे तिन्ही मिळून १५३ दिवसांचे ७,६५० रुपये लेट फी, शिवाय थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज. पैशाचं मला एवढं वाटत नाही. ई-वे बिल पुन्हा सुरू झालं, टेम्पो गेला.

आता तुझं. नोंदणीच्या वेळी स्वतः कॉम्प्युटरसमोर बस. मोबाईल तुझा, ईमेल तुझा. काम करणाऱ्या माणसाला पासवर्ड द्यायची गरजच नाही. तो जीएसटी प्रॅक्टिशनर असेल तर तू तुझ्या लॉगिनमधून त्याला नेमायचं, तो त्याच्या लॉगिनमधून काम करतो, आणि नको झाला की तूच काढायचं. डिजिटल सहीचा पेनड्राईव्ह घरच्या कपाटात. फी बँकेतून दे आणि पावती घे, माणूस कितीही घरचा असो. घरचा असेल तर जास्तच.

वकील परिषदेकडे तक्रारीचा मसुदा बाईंनी करून दिलाय. आप्पा म्हणतात, "सोड, वीस वर्षं त्यांनी आपलं काम केलंय." मी अजून ठरवलेलं नाही. त्यांनी वीस वर्षं केलं हे खरं, आणि तो पालथा फोनही खरा. कागद खणात आहे.

शनिवारी दुपारी मी चंदगडला येतो. तोवर एक नवा ईमेल उघडून ठेव, कारखान्यासाठी वेगळा. अर्ज आपण दोघं मिळून भरू. वहिनींना आणि आईंना नमस्कार सांग.

तुझा,
विनू