त्या खुर्चीबद्दल आभार

आदरणीय काकू,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या स्वयंपाकघरातून परत येऊन तीन आठवडे झाले आणि तेवढ्या काळात हे पत्र मी चार वेळा लिहायला घेतले. प्रत्येक वेळी टॉर्टिया, म्हणजे मेक्सिकोची ती पातळ पोळी, जमल्याच्या आनंदापासून सुरुवात व्हायची आणि मजकूर तुम्ही ओढून दिलेल्या त्या खुर्चीपाशी येऊन अडायचा. म्हणून या वेळी लपवाछपवी न करता सांगतो की हे पत्र टॉर्टियाबद्दल जितके आहे तितकेच त्या खुर्चीबद्दल आहे. ते सर्वांसमक्ष लिहिण्यामागे एक हेतू असाही आहे की, ज्यांनी मला याआधी शिकवले, किंवा शिकवल्यासारखे केले, त्यांच्याही ते नजरेस पडावे.

गेल्या वर्षी माझे उजवे मनगट मोडले. हाड जुळले, परंतु जोर लावला की कळ अजूनही कोपरापर्यंत जाते. मुलीला विकतच्या टॉर्टिया आवडेनाशा झाल्या होत्या, कारण त्या दुमडल्या की मधोमध चिरत, आणि त्या घरी करण्याचा विडा मी नेमका याच काळात उचलला. ज्या विक्रेत्याकडे मी साधनांची चौकशी केली, त्याने बिडाचा जड प्रेस माझ्या गळ्यात मारला आणि 'गहू असो वा मका, दोन्हीला चालतो' असे छातीठोकपणे सांगितले. तो प्रेस खरे तर मक्याच्या टॉर्टियासाठी असतो, हे मला तुमच्याकडून कळले. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, त्यातच मुरवून आणि मग ओला वाटून जे पीठ होते, त्याला मेक्सिकोत 'मासा' म्हणतात (या शब्दाने आमच्या घरी पहिल्या दिवशी जो घोटाळा केला, तो तुम्हाला सांगून झालाच आहे). त्यात ग्लूटेन, म्हणजे गव्हाच्या पिठाला ताण देणारे चिवट प्रथिन, नसते, त्यामुळे प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये गोळा ठेवून दाबला की तो जिथवर पसरला तिथेच राहतो. गव्हाचे पीठ मात्र प्रेसची दांडी उचलताच पुन्हा आक्रसते. मी महिनाभर एका निर्जीव दांडीशी झुंजत होतो आणि दोष स्वतःच्या मनगटाला देत होतो.

त्यानंतर पैसे भरून एका वर्गात गेलो. तेथे संगमरवरी लाटणे हाती आले. त्याचे वजनच इतके, की चौथ्या गोळ्याला माझा हात थरथरू लागला. शिकवणाऱ्या बाईंनी आठ जणांसमोर ते माझ्या हातातून काढून घेतले, 'बाजूला व्हा, हे जोराचे काम आहे,' असे म्हटले आणि माझ्या वाटणीची टॉर्टिया स्वतः लाटून दिली. गोल झाली होती, हे मान्य करायला हवे. ती मी खाल्ली नाही.

तुमच्या ओट्यापाशी उभा राहिलो तेव्हा माझ्या मनात हे सारे साचलेले होते. मी पहिला गोळा लाटायला घेतला. लाटणे पुढे नेले की तो वाढत होता आणि उचलले की पुन्हा तळहाताएवढा होत होता, म्हणून मी सवयीने जोर वाढवला आणि ओठ आवळले. तुम्ही ते पाहिले असणार. आता लाटणे काढून घेतले जाईल, या तयारीने मी हातही सैल सोडला होता. तुम्ही लाटण्याला बोटसुद्धा लावले नाही. ओला पंचा पिळून सगळ्या गोळ्यांवर पांघरला, कोपऱ्यातली खुर्ची पायाने पुढे सरकवली आणि म्हणालात, "पीठ दमलंय. त्याला अर्धा तास पडू दे, तूही बस."

मी बसलो. त्या अर्ध्या तासात तुम्ही मला एकही सूचना केली नाही. सोनोरातल्या तुमच्या उमेदीच्या वर्षांविषयी बोलत राहिलात. मेक्सिकोच्या त्या उत्तर भागात गव्हाच्या टॉर्टियाचे राज्य कसे आहे आणि सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी आणलेला गहू तिथल्या हातांनी कसा आपलासा केला, हे सांगितलेत. तिथल्या बायका 'सोबाकेरा' नावाची भलीमोठी टॉर्टिया लाटण्याशिवाय, नुसत्या हातांवर झेलत आणि ताणत कशी वाढवतात, हे तुम्ही उभे राहून हवेत करून दाखवलेत, तेव्हा त्या रिकाम्या हातांवर मला खरोखर काहीतरी झुलताना दिसले.

पंचा काढला तेव्हा तेच गोळे बोट लावताच दबत होते. मळताना ताणले गेलेले ग्लूटेन विसावले, की पीठ विरोध करणे सोडते; एवढीच ती गोष्ट होती आणि ती मला इतक्या खर्चात आणि इतक्या तोंडांतून कोणीही सांगितली नव्हती. मग तुम्ही ओट्याखालच्या खणातून तुमचे 'पालोते' काढले. मुठी नसलेला, अडीच सेंटीमीटर जाडीचा तो लाकडी दांडका, वापरून वापरून मधोमध चकचकीत झालेला. मुठींच्या लाटण्यात हात पिठापासून दूर राहतात. इथे तळवे थेट लाकडावरून फिरत होते, त्यामुळे कडेला कुठे जाड राहिले आणि मध्ये कुठे पातळ झाले, हे डोळ्यांआधी हातांना कळत होते. जोर लावायला त्यात जागाच नव्हती. माझी तिसरी टॉर्टिया तुम्ही खिडकीसमोर धरलीत आणि तिच्यातून तुमची चार बोटे दिसली. पहिली मात्र नकाशासारखी वेडीवाकडी झाली होती. तीच तव्यावरून उतरताच तुम्ही मीठ भुरभुरून, गुंडाळून, उभ्याउभ्या खाल्लीत.

काकू, शिकवणारे पुष्कळ भेटतात. समोरच्याच्या हातातली वस्तू न हिसकावता शिकवणारे फार थोडे असतात, कारण त्यासाठी शिकवणाऱ्याला आपले कौशल्य काही काळ खिशात ठेवावे लागते आणि दुसऱ्याचे चुकणे शांतपणे बघत बसावे लागते. असा सुसंस्कृतपणा मी मोठमोठ्या पदव्यांच्या माणसांत शोधला होता. तो मला पीठ लागलेल्या एका खुर्चीत बसून मिळाला. लाज वाटावी असे माझ्या हातून त्या दिवशी बरेच घडले, पण ती तुम्ही एकदाही वाटू दिली नाही.

निघताना 'सवय होईपर्यंत ठेव' म्हणून तुम्ही ते पालोते पंच्यात गुंडाळून दिलेत. ते मी धूत नाही, तुम्ही सांगितल्याप्रमाणे कोरड्या फडक्यानेच पुसतो. बिडाचा प्रेसही आता रुसलेला नाही, त्याच्यावर मुलगी मक्याच्या टॉर्टिया करू लागली आहे. संगमरवरी लाटणे सध्या दार वाऱ्याने आपटू नये म्हणून टेकू देण्याच्या कामी येते आणि त्या कामात ते उत्तम आहे.

येत्या रविवारी पालोते परत आणून देतो. त्याच पंच्यात बारा टॉर्टिया गुंडाळलेल्या असतील, म्हणजे त्यांच्याच वाफेने त्या तुमच्यापर्यंत मऊ राहतील. त्यांतल्या दोन अजून नकाशासारख्याच येतात, त्या वर ठेवतो.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

आपला कृतज्ञ,
मनगटवाला विद्यार्थी