डावा कोपरा कापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत सोळाव्या शतकातला जर्मन चित्रकार हान्स होल्बाइन याच्या ‘द ॲम्बॅसेडर्स’ (म्हणजे ‘राजदूत’) या चित्रावरचा लेख वाचला. माझ्या सर्वांत आवडत्या चित्राला मराठी वृत्तपत्रात अर्धं पान मिळालं याचा फार आनंद झाला. तरीही राहवत नाही म्हणून लिहिते आहे. लेखाचा सगळा भर दोन राजदूतांच्या पायांशी, जमिनीवर ताणून तिरप्या काढलेल्या, समोरून ओळखू न येणाऱ्या कवटीवर होता, आणि चित्र पानात बसवताना त्याचा डावीकडचा वरचा कोपरा कापला गेला. कवटीचा अर्थ त्या कोपऱ्याशिवाय लागत नाही.

हे चित्र १५३३ सालचं. ओकच्या फळ्यांवर तैलरंगात काढलेलं, दोन्ही बाजूंनी दोन मीटरहून थोडं मोठं, त्यामुळे माणसं जवळजवळ खऱ्या उंचीची. डावीकडे फ्रान्सचा लंडनमधला राजदूत झाँ द दँतव्हिल, उजवीकडे त्याला भेटायला आलेला मित्र जॉर्ज द सेल्व, फ्रान्समधल्या लाव्होरचा बिशप. एक एकोणतीस वर्षांचा, दुसरा पंचवीस. ही वयं चित्रातच लिहिलेली आहेत: दँतव्हिलचं कट्यारीच्या म्यानावर, सेल्वचं त्याच्या कोपराखालच्या पुस्तकावर.

दोघांच्या मधल्या मांडणीच्या वरच्या फळीवर तुर्की गालिचा, खगोल (आकाशातल्या ताऱ्यांचा गोल), सूर्यघड्याळं. खालच्या फळीवर पृथ्वीचा गोल, गणिताचं पुस्तक, स्तोत्रांचं पुस्तक, ल्यूट हे तंतुवाद्य, बासऱ्या. आपल्या लेखकांनी हे सगळं ‘त्या काळच्या ज्ञानाचं वैभव’ म्हणून एका वाक्यात उरकलं आहे. मला मात्र खालची फळी वैभवाची वाटत नाही. ल्यूटची एक तार तुटलेली आहे. छापील चित्रात ती दिसणार नाही, पण लंडनच्या नॅशनल गॅलरीच्या संकेतस्थळावर चित्र मोठं करून पाहा, लगेच दिसते. १५३१ मध्ये निघालेल्या, आल्चातो या इटालियन पंडिताच्या प्रतीकचित्रांच्या संग्रहात ल्यूट हे राज्याराज्यांतल्या तहाचं प्रतीक आहे. एक तार बिघडली की सगळा सूर गेला. आता शेजारी पाहा. गणिताचं पुस्तक भागाकाराच्या पानावर उघडं, मिटू नये म्हणून त्यात गुण्या अडकवलेला. आणि कॅथलिक बिशपच्या बाजूला उघडं ठेवलेलं स्तोत्रांचं पुस्तक चक्क ल्यूथरपंथीयांचं, म्हणजे पोपची सत्ता झुगारणाऱ्या प्रोटेस्टंटांचं! त्यातली समोर दिसणारी दोन स्तोत्रं पवित्र आत्म्याच्या आवाहनाचं आणि दहा आज्ञांचं. म्हणजे दोन्ही पंथांना मान्य असलेली. हा निव्वळ योगायोग असेल असं मला वाटत नाही.

कारण ते वर्षच तसं होतं. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने जानेवारीत ॲन बोलिनशी लग्न केलं होतं, जूनमध्ये तिचा राज्याभिषेक झाला, आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडचं चर्च पोपपासून कायद्याने तुटलं. दँतव्हिल लंडनला होता तो हे सगळं जवळून पाहायला. भावाला लिहिलेल्या पत्रांत तो तिथे किती कंटाळला आणि खचला होता ते दिसतं. खुद्द होल्बाइनलाही या फाटाफुटीची झळ बसली होती. १५२९ मध्ये तो राहत होता त्या स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रं जमावाने फोडली, धार्मिक चित्रांची कामं आटली, आणि तो पुन्हा इंग्लंडला आला. तुटलेली तार ज्याने रंगवली, त्याचं पोटही त्याच भांडणात सापडलेलं होतं.

आता कापलेला कोपरा. मागे हिरवा पडदा आहे, तो डावीकडे अगदी वर किंचित सरकलेला आहे, आणि त्या फटीत चांदीचा छोटा क्रूस अर्धाच दिसतो. वरच्या दंडगोल सूर्यघड्याळावर ११ एप्रिल ही तारीख वाचता येते असं काही अभ्यासक मानतात. १५३३ मध्ये त्या दिवशी गुड फ्रायडे, म्हणजे येशूला क्रूसावर चढवल्याचा स्मरणदिन होता. या उपकरणांवरून मांडलेली बाकीची बरीच गणितं मला ओढूनताणून आणलेली वाटतात, पण ही तारीख त्या क्रूसाशी जुळते, म्हणून मी ती मानते.

कवटी सरळ दिसावी म्हणून चित्राच्या उजव्या कडेला भिंतीलगत जावं लागतं. तिथून पाहिलं की कवटी नीट उभी राहते आणि दोन्ही राजदूत, त्यांचे मखमली कपडे, गोल, घड्याळं, सगळं चेपून बेढब होतं. समोर आलं की राजदूत रुबाबदार आणि कवटी नुसता राखाडी फराटा. दोन्ही एकाच वेळी नीट दिसत नाहीत. ‘मरण अटळ आहे’ एवढंच सांगायचं असतं तर दँतव्हिलच्या टोपीवरचं कवटीचं बारीक पदक पुरेसं होतं. होल्बाइनने समोर मृत्यू ठेवला आणि मागे, पडद्याआड, त्यावरचा ख्रिस्ती उतारा. क्रूस काढून टाकला तर उरते ती फक्त नजरेची करामत, आणि आपल्या लेखात नेमकं तेच झालं.

विनंती एवढीच, की हे चित्र पुन्हा एकदा छापावं, पूर्ण, शक्य तर पानभर. सोबत एक ओळ द्यावी: पान सपाट धरून, एक डोळा मिटून, उजव्या कडेला डोळा टेकवल्यासारखं जवळ नेऊन डावीकडे पाहा. शाळेतली मुलंही हे करून पाहतील.

आपली नियमित वाचक,
कोल्हापूर