लिंगओळखीचा पाठ आधी पालकांच्या हाती द्या

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

लिंगओळखीविषयी, म्हणजे आपण मुलगा, मुलगी की आणखी काही आहोत या मनातल्या जाणिवेविषयी, शाळेत काय शिकवावे, कोणत्या इयत्तेपासून शिकवावे आणि ते कोणी शिकवावे, या प्रश्नांवरून आमच्या शहरातील पालकांमध्ये सध्या बरीच वादावादी चालू आहे. ‘मुलांना बिघडवण्याचा डाव’ असे एक बाजू म्हणते, तर दुसरी बाजू शंका विचारणाऱ्या प्रत्येक पालकाला मागासलेला ठरवून मोकळी होते. मी आठवीत शिकणाऱ्या मुलीची आई असून शाळेच्या पालक-शिक्षक संघाची सदस्य आहे. पालकांची काळजी नेमकी कशाची आहे आणि तिला शाळांनी कसे उत्तर द्यावे, याविषयी माझे मत आपल्या स्तंभातून मांडू इच्छिते.

आमच्या शाळेत जीवनकौशल्यांच्या तासाला एका बाहेरच्या संस्थेचे प्रशिक्षक आले होते. त्यांनी आठवीच्या मुलांना एक कृतिपत्रिका भरायला दिली. वरच्या कोपऱ्यात नाव, तुकडी आणि हजेरी क्रमांक यांसाठी चौकटी होत्या. खाली शरीर, मनाला जाणवणारी ओळख, पेहराव आणि आकर्षण अशा चार आडव्या रेषा होत्या आणि प्रत्येक रेषेवर आपण कोठे आहोत तेथे फुली मारायची होती. तास संपल्यावर पत्रिका गोळा करून त्यांचा गठ्ठा शिक्षकांच्या खोलीतील टेबलावर ठेवण्यात आला. असा तास होणार आहे, याची पालकांना सुतराम कल्पना नव्हती. कोणीतरी काढलेले पत्रिकेचे छायाचित्र संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर आले आणि रात्रीपर्यंत प्रकरण धर्म, परकीय पैसा आणि संस्कृती येथवर जाऊन पोहोचले. शाळेने उरलेले सर्व तास रद्द केले आणि ‘असा कार्यक्रम पुन्हा होणार नाही’ असा एका ओळीचा संदेश पाठवला. त्या तासात नेमके काय सांगितले गेले, हे ना शाळेने सांगितले, ना पालकांनी विचारले.

माझा आक्षेप विषयाला नाही, त्या पत्रिकेला आहे. तेरा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या आकर्षणाविषयी हजेरी क्रमांकासह लेखी उत्तर मागणे, हे कोणत्या शिक्षणशास्त्रात बसते? शेजारच्या बाकावरून कोणी डोकावले, किंवा तो गठ्ठा चाळताना एखाद्या शिक्षकाने सहज चेष्टा केली, तर त्याचा सर्वाधिक त्रास ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप केला त्याच मुलाला होणार. बाकीची मुले हसून विसरतील. शिवाय या वयात मन दर महिन्याला पालटत असते, त्यामुळे आज मारलेली फुली उद्या त्या मुलाला स्वतःलाही मान्य नसेल. ज्यांची मनातली ओळख जन्माच्या वेळी नोंदलेल्या लिंगाशी जुळत नाही अशी, म्हणजे ट्रान्सजेंडर, माणसे समाजात आहेत, ती आपल्यासारखीच नागरिक आहेत आणि त्यांची टिंगल करणे गैर आहे, हे मुलांना सांगणे हे शाळेचे काम आहे. ‘तू यांपैकी कोण आहेस ते आत्ता लिहून दे’ असे सांगणे हे शाळेचे काम नव्हे. माझ्या ओळखीच्या बहुतेक पालकांची धास्ती या दुसऱ्या गोष्टीची आहे. पण तिला कोणी वेगळे काढून उत्तर दिलेले नाही, म्हणून ती पहिल्या गोष्टीच्याही मुळावर येते.

हीच गत देशपातळीवर 2021 मध्ये झाली होती. शालेय शिक्षणात ट्रान्सजेंडर मुलांना कसे सामावून घ्यावे, यासाठी एनसीईआरटीने, म्हणजे शालेय पाठ्यपुस्तके तयार करणाऱ्या केंद्रीय संस्थेने, एक प्रशिक्षण पुस्तिका तयार केली. ती विद्यार्थ्यांसाठी नव्हती, शिक्षकांसाठी होती, हे त्या गदारोळात फारसे कोणी लक्षात घेतले नाही. सर्वांना वापरता येतील अशी स्वच्छतागृहे, गणवेशातील लवचिकता, मुलगे आणि मुली असे कारण नसताना वेगळे बसवण्याची सवय सोडणे, अशा सूचना तीत होत्या. वयात येण्याची प्रक्रिया लांबवणाऱ्या औषधांचा उल्लेखही होता आणि माझ्या मते शिक्षकांच्या पुस्तिकेत त्याचे काही प्रयोजन नव्हते, कारण तो प्रांत डॉक्टरांचा आहे. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने आक्षेप घेतले आणि काही दिवसांतच ती पुस्तिका संकेतस्थळावरून नाहीशी झाली. मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांनी या घाईबद्दल नापसंती व्यक्त केली. हे तेच न्यायमूर्ती, ज्यांनी एका समलिंगी जोडप्याच्या प्रकरणाचा निकाल देण्यापूर्वी विषय समजून घेण्यासाठी स्वतः समुपदेशकाकडे जाणे पसंत केले होते. आयोगाच्या हरकतींवर जाहीर चर्चा होऊन चार पाने गाळली गेली असती आणि उरलेली पुस्तिका शिक्षकांपर्यंत पोहोचली असती, तर आज शाळांना बाहेरच्या संस्थांच्या कृतिपत्रिकांवर विसंबावे लागले नसते. चाळणी लावण्याऐवजी अख्खे पोतेच उकिरड्यावर टाकले गेले.

‘हा विषय शाळेत नकोच’ असे म्हणणाऱ्या पालकांनी कायदाही पाहावा. सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी ‘नालसा’ (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) प्रकरणाच्या निकालात तृतीयपंथीयांच्या लिंगओळखीला घटनात्मक मान्यता दिली. त्या प्रकरणात ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी याही बाजू मांडणाऱ्यांत होत्या. पुढे ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कसंरक्षणाच्या 2019 च्या कायद्याच्या तेराव्या कलमाने सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेवर अशा विद्यार्थ्यांना भेदभावाविना शिक्षण आणि खेळाची संधी देण्याचे बंधन घातले. हाच कायदा संमत झाला तेव्हा पालकांची भूमिकाही त्यात स्पष्ट लिहिलेली होती: अल्पवयीन मुलाच्या ओळख प्रमाणपत्रासाठी अर्ज पालकांनी करावयाचा, आणि केवळ ट्रान्सजेंडर असल्याच्या कारणावरून कोणत्याही मुलाला न्यायालयाच्या आदेशाखेरीज आईवडिलांपासून वेगळे करावयाचे नाही. शाळा आपल्या पोटच्या पोराला परस्पर काहीतरी ठरवून टाकील, ही भीती या तरतुदी वाचल्यावर बरीच कमी होते. पण आजवर एकाही पालकसभेत त्या कोणी वाचून दाखवल्याचे मला आठवत नाही.

हा विषय शाळेने घरात घुसवला, असेही म्हणता येत नाही. 2011 च्या जनगणनेत लिंगाच्या रकान्यात ‘इतर’ अशी नोंद झालेल्यांची संख्या सुमारे 4 लाख 88 हजार होती आणि त्यांत सहा वर्षांपर्यंतची जवळपास 55 हजार बालके होती. मोजणीत चुका झाल्या असतील, त्या गृहीत धरू. तरीही सहा वर्षांच्या आतील मुलाची माहिती प्रगणकाला घरातील मोठ्या माणसांनीच दिली असणार. याच गटातील साक्षरता 56 टक्क्यांच्या आसपास होती, तर देशाची 74 टक्के. ही मुले शाळेत येतात आणि मधेच गळतात. का गळतात, हे ज्याने मधल्या सुट्टीत एखाद्या नाजूक चालीच्या मुलाला ‘बायल्या’ म्हणून घेरलेले पाहिले आहे, त्याला निराळे सांगायला नको.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या अमेरिकी चित्रफितींविषयीही लिहिले पाहिजे, कारण आपल्याकडील पालकांची निम्मी भीती तेथून आयात झालेली आहे. मेरीलँड राज्यातील माँटगोमेरी काउंटीच्या शाळांनी बालवाचनात अशा विषयांवरील गोष्टींची पुस्तके आणली. आधी पालकांना पूर्वसूचना मिळत असे आणि मुलाला त्या तासातून वगळण्याची मुभा होती. 2023 मध्ये शिक्षण मंडळाने ती काढून घेतली. मुस्लिम आणि ख्रिस्ती पालक न्यायालयात गेले आणि जून 2025 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा मतांनी त्यांच्या बाजूने कौल दिला. आपल्याकडे हा निकाल ‘अमेरिकेने असल्या पुस्तकांवर बंदी घातली’ अशा शब्दांत पसरवला गेला. प्रत्यक्षात पालकांची मागणी पूर्वसूचनेची आणि आपल्या मुलापुरती सवलत मिळण्याची होती. ती मुभा मंडळाने ठेवली असती तर प्रकरण एवढे पेटले असते असे मला वाटत नाही. आपल्याकडे प्रत्येक तासातून मूल वगळण्याची मुभा द्यावी, या मताची मी नाही. एकदा ती दिली की ज्या घरात टिंगलीची भाषा चालते, तेथील मुलेच नेमकी तासाबाहेर बसतील. पूर्वसूचना मात्र द्यायलाच हवी.

आपल्या राज्याला बंदीचा अनुभव आहेच. किशोरवयीन शिक्षणाच्या केंद्रीय कार्यक्रमातील चित्रांवरून 2007 मध्ये विधिमंडळात गदारोळ झाला आणि शाळांतील लैंगिक शिक्षणच थांबवण्यात आले. त्या वेळी आठवीत असलेली मुले आज तिशीपार गेली आहेत. त्यांना जे कळायचे ते मित्रांकडून आणि मोबाइलवरून कळले, आणि ते कसे कळले हे त्यांच्या शिक्षकांनाही ठाऊक आहे. याच्या उलट, 2008 च्या सुमारास मुंबई महापालिकेच्या शाळांत स्त्री-पुरुष समानतेचा ‘जेम्स’ हा उपक्रम सुरू झाला आणि पुढे त्याच धर्तीचे काम मीना राजू मंचाच्या रूपाने राज्यातील शाळांत पोहोचले. 2019 मध्ये दुसरीच्या बालभारतीत आईबरोबर बाबाही भाजी निवडायला बसलेले दिसले. त्यावरून कोणाचे घर मोडल्याचे ऐकिवात नाही. ही कामे सरकारी पुस्तकातून आणि वर्गातल्याच शिक्षकांकडून झाली, ती कोणालाही उघडून पाहता येत होती, म्हणून ती टिकली असे मला वाटते.

शिक्षण विभागाकडे माझी मागणी अशी की, पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने या विषयावरील मराठी साहित्य इयत्तांनुसार तयार करावे आणि वर्गात जाण्यापूर्वी ते हरकतींसाठी जाहीर करावे. मे 2024 मध्ये राज्य अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा असाच जाहीर झाला होता. मनाच्या श्लोकांपासून मनुस्मृतीपर्यंत त्यावर घनघोर वाद झाला, पण निदान सगळे जण एकच कागद पुढ्यात ठेवून भांडत होते. या वेळी मुदत मात्र थोडी जास्त द्यावी. शाळांनी ते साहित्य पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत ठेवावे, तास कधी आहे आणि कोण घेणार आहे ते आठवडाभर आधी कळवावे, आणि बाहेरची संस्था येणार असेल तर वर्गशिक्षकाला वर्गातच बसवावे. मुलाच्या नावानिशी कोणतीही पत्रिका भरून घेण्यास परिपत्रकाद्वारे स्पष्ट मनाई असावी. सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाठ्यपुस्तकांतील या विषयाच्या समावेशाबाबत केंद्र सरकार, एनसीईआरटी आणि काही राज्यांना नोटीस काढली आहे. न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहून मग घाईघाईने काहीतरी छापण्यापेक्षा ही तयारी आधी झालेली बरी.

एक प्रश्न या साऱ्यातून सुटत नाही, आणि पालकसभेत तोच सर्वांत मोठ्या आवाजात विचारला जातो. एखाद्या मुलाने आपल्या मनातली गोष्ट घरी न सांगता शिक्षिकेला सांगितली, तर तिने लगेच आईवडिलांना फोन करावा का? एक आई म्हणून मला ती गोष्ट कळावीशी वाटेल, यात शंका नाही. पण ज्या घरात त्याबद्दल पट्टा निघेल, त्या घरी केलेला फोन त्या मुलाला फार महागात पडेल, हेही मला दिसते. म्हणून सरसकट कळवण्याचा किंवा सरसकट लपवण्याचा नियम मला दोन्हीही मान्य नाहीत. मुलाशी बोलून, त्याला तयार करून, आईवडिलांना समोर बसवून हे सांगू शकेल असा प्रशिक्षित समुपदेशक शाळेला मिळाला पाहिजे. आमच्या शाळेत ते पद कागदावर आहे आणि त्या खोलीत सध्या खेळाचे साहित्य ठेवलेले आहे.

आपली विश्वासू,
एक पालक, कल्याण
(पूर्ण नाव व पत्ता संपादकीय विभागाकडे दिला आहे.)